दोन हजार दोनशे छत्तीस पावलं

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी कृपा करून खाली शहाणपणा शिकवायला येऊ नये. मी आधीच चिडलेलो आहे.

जिच्या घरात हे घडलं ती माझी सख्खी मावशी. नलिनीमावशी. मूळची गुहागरची. लग्न होऊन सिल्वासाला आली आणि तिथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवतेय. भूतबीत तिने आयुष्यात मानलं नाही. आकडा चुकला तर स्वतःच्या नवऱ्यालाही सोडत नाही, अशी बाई.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी संपत आला होता. जागा, सिल्वासातल्या डोकमर्डीतली एक तीन मजली बिल्डिंग. दुसरा मजला.

वेळ... संध्याकाळी सहा चाळीस.

मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. दिवेलागण झाली होती, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि तरीही ते घडलं.

आधी रमाकांतकाकांबद्दल सांगतो, कारण सगळं त्यांच्यामुळे झालं. मावशीचे यजमान. धाग्याच्या एका कंपनीत गेटवर टाइमकीपर. कंपनीचं नाव सांगणार नाही. काकांना एक खोड होती. वस्तू टाकवत नसे. विशेषतः जुने मोबाईल. लोक भंगारात देतात, हे घरी आणायचे आणि कामाला लावायचे. एक देवघरात अथर्वशीर्ष म्हणायला. एक न्हाणीघरात रेडिओ म्हणून. एक स्वयंपाकघरात, कुकर किती मिनिटं ठेवायचा ते सांगायला. आम्ही भाचे चेष्टा करायचो की काकांकडे माणसं दोन आणि फोन सात.

त्या जानेवारीत काकांनी आठवा आणला.

कोपऱ्यात काच तडकलेली. मागचं झाकण निघू नये म्हणून हिरवं रबर गुंडाळलेलं.

"गेटवर पडून होता," काका म्हणाले. "न्यायला कोणी आलं नाही. रीसेट मारला, एकदम नवा झाला. तुला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? यात पावलं मोजायचं ॲप टाकलंय. पर्समध्ये टाक आणि चाल."

मावशीला साखर निघाली होती. तिला बरं वाटलं. नवऱ्याने काळजी केली म्हणून तिने त्या दिवशी शिरा केला, तोही बिनसाखरेचा.

ती सकाळी चालायची. परत आली की फोन फ्रिजवर ठेवायची. रात्री झोपताना दिवसाचा आकडा वहीत लिहायची. सवयच तशी.

तिसऱ्या दिवशी तिला हिशोब लागेना.

सकाळी चालून आली तेव्हा चार हजार शंभर. रात्री बघते तर सहा हजार तीनशे छत्तीस.

दिवसभर फोन फ्रिजवर होता.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. सकाळचा आकडा रोज वेगळा, पण नंतर वाढलेली पावलं मात्र रोज तेवढीच.

दोन हजार दोनशे छत्तीस.

एक कमी नाही, एक जास्त नाही.

"अहो, तुम्ही माझा फोन घेऊन फिरता का?" तिने विचारलं.

"मला काय काम नाही?" काका खेकसले. "जुना फोन आहे. चुकत असेल."

"चुकला तर रोज वेगळा चुकेल. रोज सारखंच कसं चुकेल?"

काका पेपर तोंडावर धरून बसले.

रविवारी मावशी मुद्दाम चालायला गेली नाही. फोन सकाळपासून फ्रिजवर. पावलं शून्य. दुपारी शून्य. साडेसहाला तिने चहाचं आधण ठेवलं आणि सहज वर बघितलं.

सहा एकोणचाळीस. शून्य.

सहा चाळीस...

स्क्रीन आपोआप उजळली.

एक.

दोन.

तीन.

फोन जागचा हलत नव्हता. फ्रिजची मोटर बंद होती, तो थरथरत नव्हता. आणि आकडा चढत होता. कोणीतरी भरभर चालत असावं तसा. मावशी गॅस बंद करायचं विसरली. चहा उतू गेला.

चौदाशे दहावर आकडा थांबला.

अर्धं मिनिट... काहीच नाही.

मग पुन्हा. चौदाशे अकरा. चौदाशे बारा. पण आता सावकाश. थकल्यासारखा.

दोन हजार दोनशे छत्तीस. आणि बंद.

मावशी रात्री अकरापर्यंत त्या फोनसमोर खुर्ची टाकून बसली. परतीचं एकही पाऊल पडलं नाही. रोज कोणीतरी जात होतं, आणि येत नव्हतं.

तुम्ही मी असतो तर तो फोन खिडकीतून फेकला असता. मावशी विचार करत बसली. सिल्वासात सहा चाळीसला घरातून कोण निघतं? शाळेतल्या निम्म्या पोरांचे बाप निघतात. सातची नाइट. धुळे, नंदुरबार, शिरपूरकडून आलेली माणसं, कंपन्यांच्या मागच्या चाळींत राहणारी.

म्हणजे फोन अशाच कोणाचा तरी होता. आणि ज्याचा आहे त्याला तो परत द्यायचा, असं तिने ठरवलं. काकांना विचारलं असतं तर पुन्हा खेकसले असते. मंगळवारी संध्याकाळी सवासहाला ती फोन पर्समध्ये घालून पायीच काकांच्या कंपनीच्या गेटवर गेली. पंचवीस मिनिटांची वाट. काकांची त्या आठवड्यात सकाळची ड्यूटी होती, ते घरीच होते.

गेटवर रांग लागली होती. तिथला नियम असा की आत फोन न्यायचा नाही. खिडकीत द्यायचा. आतला माणूस तो खणात ठेवतो आणि खणाच्या नंबरचं पितळी टोकन देतो. सुटल्यावर टोकन द्यायचं, फोन घ्यायचा. एकोणीस वर्षं काका त्या खिडकीत बसत होते.

रांगेच्या बाजूला एक बाई गार्डशी भांडत होती. तिशीची असेल. पायात स्लिपर, पदर खोचलेला.

"मना घरवाला आठूनच मझार गया," ती अहिराणीत ओरडत होती, नवरा इथूनच आत गेला म्हणून. "मी मना डोयाघाई दखं!"

"रोज का नाटक है इसका," गार्ड मावशीला म्हणाला. "पती भाग गया, हम क्या करें?"

ती शोभा. मावशीने तिला बाजूला घेतलं, पाणी दिलं, आणि तिने सगळं सांगितलं. नवरा नवनाथ. नऊ जानेवारीला नाइटला आला. डबा विसरला म्हणून शोभा मागून धावत गेटपर्यंत आली. तिने त्याला खिडकीत फोन देताना बघितलं. टोकन घेताना बघितलं. मावशीला चौदाशे दहावर थांबलेलं ते अर्धं मिनिट आठवलं. आत जाताना त्याने मागे वळून तिला हात केला.

सकाळी तो आला नाही.

कंपनीने सांगितलं, तो कामावर आलाच नव्हता. रजिस्टरमध्ये नाव नाही. ठेकेदार म्हणाला, बाई घेऊन पळाला असेल. गावाकडून सासू फोनवर म्हणाली, तुझ्यात खोट असेल म्हणूनच गेला.

"पंधरा दिन व्हयनात, ताई. चाळीतल्या बाया मले बघून हसतस," शोभा म्हणाली. "मले दुसरं काही नको. तो मझार गयता, इतलंच कोनी तरी बोला."

"फोन कसा होता त्याचा?" मावशीने विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"जुना. मागून हिरवं रबर लावेल. खिडकीमा चष्मावाला साहेब होता, त्यानीच घेतला."

मावशीचा हात पर्समध्ये होता. बोटाखाली रबर होतं.

आणि ती एका जागी उभी असताना... पर्समधला फोन धडधडत होता. प्रत्येक पावलाला एक बारीक ठोका.

तिला फोन बाहेर काढता आला नाही. हे मला सांगताना मावशी अजून रडते. "वर्गात पोरांना खरं बोला म्हणते रे मी, आणि तिथे दातखीळ बसली माझी. ती बाई समोर उभी होती आणि मी पर्सची चेन लावली."

घरी येईपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काका टीव्हीसमोर शेंगा फोडत बसले होते. तिने टीव्ही बंद केला. फोन त्यांच्यासमोर टेबलावर आपटला.

"कोणाचा आहे हा?"

"सांगितलं ना, बेवारस..."

"नवनाथ. त्याच्या बायकोचं नाव शोभा. मी आत्ता तिला भेटून आले."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुला काय गरज होती तिथे जायची?"

"मला काय गरज होती? तुम्ही त्याचा फोन माझ्या पर्समध्ये घातलात आणि मला विचारता?"

तेवढ्यात स्क्रीन उजळली.

आकडा चढायला लागला. मावशीने तो बघितला. काकांनीही बघितला. असं आजवर कधीच झालं नव्हतं. रोजची दोन हजार दोनशे छत्तीस झाल्यावर पुढचं पाऊल कधीच पडलं नव्हतं.

"हे काय आहे?" काका कुजबुजले.

"तो निघालाय," मावशी म्हणाली. तिला का तसं वाटलं, तिलाच माहीत नाही. "तुमच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. बोला."

आणि काका बोलले. शेवटी बोलले. त्या रात्री बाराच्या सुमारास मॅनेजर खिडकीत आला होता. मागच्या टाकीजवळ काहीतरी झालंय म्हणाला. काय झालं ते काकांनी विचारलं नाही. मॅनेजरने रजिस्टरचं पान फाडलं आणि कोरं पान पुढे केलं. काकांनी स्वतःच्या अक्षरात सगळी नावं पुन्हा लिहिली. नवनाथचं सोडून.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, नलू. मी काय करणार होतो?"

"आणि फोन?"

"खणात राहिला होता. मॅनेजर म्हणाला टाकून द्या." काकांनी मान खाली घातली. "टाकवेना मला. चांगला चालू होता."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी मावशीने त्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"रमाकांत, माणूस टाकलास आणि फोन ठेवलास? लाज नाही वाटली? त्याचं रबरसुद्धा काढलं नाहीस आणि बायकोला दिलास, चाल म्हणून?"

काका फोनकडे बघत होते.

आठ हजार नऊशे...

नऊ हजार शंभर...

नऊ हजार सहाशे...

मग जिन्यात आवाज आला.

फट्. फट्. ओल्या चपलेचा.

पहिला मजला. वळण. दुसरा मजला.

दारासमोर येऊन थांबला.

फोनवरचा आकडाही थांबला.

बेल वाजली नाही. कडी वाजली नाही. खाली भाजीवाल्याचा आवाज कधी बंद झाला, कळलं नाही.

दाराखालच्या फटीतून काहीतरी आत सरकलं...

पितळी टोकन. ओलं. त्याला तेलाचा वास येत होता.

त्यावर नंबर होता, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने काकांच्या तोंडून तो आपसूक बाहेर पडला.

"सदतीस."

स्वतःचाच आवाज ऐकून काका मटकन खाली बसले.

मावशीने दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. पायरीवर पाण्याचे ठसे होते. वर येणारे. जाणारे नव्हते.

ती भ्यायली नाही, असं ती म्हणते. मला पटतं. तिच्यात भ्यायला जागाच उरली नव्हती. ती त्या रिकाम्या जिन्याला म्हणाली, "फोन मिळेल. पण तुझ्या बायकोच्या हातात. आणि हेच आणून देतील."

तिने काकांना दंडाला धरून उठवलं. तसेच घरच्या लेंग्यात, चपला घालून. पत्ता शोभाने सांगितला होता. कंपनीमागची चाळ, शेवटून दुसरी खोली. फोन काकांच्या हातात होता, आणि ते तो गरम तव्यासारखा धरून चालत होते.

शोभा भाकरी करत होती. काकांना बघताच तिने ओळखलं. हातातलं पीठ तसंच.

काकांनी फोन पुढे केला आणि पुटपुटले, "तो आला होता. मी टोकन दिलं होतं."

शोभा रडली नाही.

"जोरमा बोला," ती म्हणाली.

"तो आला होता."

"जोरमा! पुरी चाळले आयकू जाऊ द्या!"

दारं उघडायला लागली. बाया बाहेर आल्या. तवे गॅसवर सोडून माणसं बाहेर आली. काका ओट्यावर उभे राहिले आणि ओरडून म्हणाले की नऊ जानेवारीला नवनाथ कामावर आला होता, पळून गेला नव्हता, आत गेला होता, आणि मी त्याचं नाव रजिस्टरमधून काढलं. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा आवाज फुटला. कोणीतरी चप्पल फेकून मारली. मावशीने मध्ये पडून थांबवलं नाही.

शोभाच्या हातातल्या फोनची स्क्रीन तेव्हा उजळली.

आकडा एकेक करत वाढला. एक पाऊल. दोन. तीन. चार. पाच. सहा.

उंबऱ्यापासून आतल्या लोखंडी खाटेपर्यंत सहाच पावलं होती.

खाट करकरली. शोभा आत गेली, खाटेच्या कडेला सरकून बसली, आणि शेजारी जागा सोडली.

त्यानंतर त्या फोनने एकही पाऊल मोजलं नाही.

काकांनी पोलिसांत जबाब दिला. चार दिवसांनी टाकी उघडली. आत काही नव्हतं. धुऊन पुसून, ताजं सिमेंट मारून ठेवलेली. केस चालू आहे. मॅनेजरची बदली झाली, म्हणे बढतीवर. काकांची नोकरी गेली. शोभा अजून सिल्वासातच आहे, दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला जाते, आणि चाळीत तिला बघून आता कोणी हसत नाही.

इथे हे संपायला हवं होतं. मीही तसंच समजत होतो.

मागच्या महिन्यात मी डोकमर्डीला गेलो. दोन दिवस राहायचा बेत होता. काका लवकर जेवतात, साडेसहालाच ताट घेतलं होतं. मी मावशीशी बोलत होतो. बोलता बोलता तिने घड्याळाकडे बघितलं.

सहा चाळीस.

जिन्यात आवाज आला...

फट्. फट्.

पहिला मजला. वळण. दुसरा मजला. दारासमोर थांबला.

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"नवनाथ?" मी ओठांनीच विचारलं.

मावशीने मान हलवली. "तो घरी गेला रे. मी स्वतः बघितलं. हा दुसरा आहे. दोन वर्षं येतोय. फोन नसावा ह्याच्याकडे, म्हणून टोकनही नाही. नुसता उभा राहतो."

मग ती काकांकडे वळली. ओरडली नाही. वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं. त्यांना रोज विचारते, असं तिने मला नंतर सांगितलं.

"त्या रात्री पानावरून किती नावं काढलीत?"

काकांनी भात कालवला. मान वर केली नाही.

"मी विचारतेय, किती?"

"दार उघडू नकोस," काका म्हणाले.

मी त्या रात्री तिथे थांबलो नाही. वापीहून मिळेल ती गाडी धरली.

ह्या दुसऱ्याला शोधायला आजपर्यंत कोणी गेटवर आलेलं नाही. त्याचं नाव फक्त काकांना माहीत आहे, आणि काका सांगत नाहीत.